गोधडीच्या पोटातले तांदूळ

टेकडीच्या पायथ्याशी एक घर होतं. ते इतकं चिमुकलं होतं, की एका भिंतीला पाठ लावून बसलं तर पाय दुसऱ्या भिंतीला टेकायचे. त्या घरात बकुळी राहायची आणि तिची आई साळूबाई राहायची. बकुळीचे बाबा ती पाळण्यात असतानाच देवाघरी गेले होते. "आम्ही दोघीच हो, तिसरं कोणी नाही," असं साळूबाई सगळ्यांना सांगायची.

पण ते काही खरं नव्हतं. देवाच्या तसबिरीमागं एक गुबगुबीत पाल राहायची. आढ्यावर चिमणा-चिमणीचा संसार होता. चुलीमागच्या भिंतीवर कुंभारीण माशीनं मातीचं इवलंसं मडकं बांधलं होतं. उंबऱ्याखालून मुंग्यांचा रस्ता होता आणि कोपऱ्यातल्या बिळात उंदीर होते. विचारून यातलं कोणीच आलं नव्हतं आणि जा म्हटलं तरी कोणी जात नव्हतं.

साळूबाई गोधड्या शिवायची. लोक जुनी लुगडी, जुनी धोतरं आणून द्यायचे. ती त्यांचे थर लावायची आणि मुंगीच्या पावलांनी टाका टाका पुढं न्यायची. डाळिंबी, मोरपंखी, आंबेपिवळा, जांभळा! आधी शिवताना ती बोटात पितळेची टोपी घालायची. ती टोपी कधीतरी हरवली, तेव्हापासून तिचं बोट सुईनं टोचून टोचून खरखरीत झालं होतं. तरी ती शिवायची, कारण दुसरं काही तिला येतच नव्हतं.

शेवटची कड शिवायच्या आधी ती गोधडीच्या बरोब्बर मधोमध मूठभर अख्खे तांदूळ ठेवायची आणि वरून टाके घालायची.

"का गं आई?" बकुळी विचारायची.

"गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये बाळा. ओटी भरायची तिची. म्हणजे ती पांघरणारा कधी उपाशी झोपत नाही. माझी आई असंच करायची, तिची आईपण असंच करायची."

"का पण?"

"का, का, का! एक दिवस कावळा होऊन आढ्यावर बसशील बघ!" असं म्हणून साळूबाई तिचा गालगुच्चा घ्यायची. बकुळीचे प्रश्न मात्र काही संपायचे नाहीत. पाल उलटी चालते तर तिच्या पोटातलं खाली का पडत नाही? मुंग्या समोरासमोर आल्या की काय बोलतात? आणि उंदरांना सबंध गोधडी सोडून मधलंच कापड का आवडतं?

हा शेवटचा प्रश्न फार मोठा होता. कारण उंदीर साळूबाईच्या गोधड्या कुरतडायचे. काठ नाही, कोपरा नाही, नेमकं मधोमध वाटीएवढं भोक! लोक यायचे, भोक बघायचे आणि तोंड वाकडं करून जायचे. हळूहळू लोकांनी लुगडी आणून देणंच बंद केलं. शेजारच्या नामाकाकांनी मोठ्या हौशीनं एक मांजर आणून दिलं. त्या मांजरानं सगळं दूध प्यायलं, सगळ्यात मऊ गोधडी निवडली आणि तिच्यावर जे अंग टाकलं, ते उठलंच नाही. उंदीर त्याच्या शेपटीवरून ये-जा करायला लागले, तेव्हा नामाकाका त्याला मुकाट्यानं परत घेऊन गेले. जाताना उंदराच्या औषधाची एक पुडी मात्र फळीवर ठेवून गेले.

आश्विन महिना लागला आणि वैजूकाकू आल्या. त्यांच्या लेकीला बाळ झालं होतं. बारशाला पाळण्यात घालायला इवलीशी गोधडी हवी होती. त्यांनी आपलं जपून ठेवलेलं मऊसूत लुगडं पुढं केलं.

"साळू, शेवटचं देतेय हो तुझ्याकडं. ही बिघडली तर पुन्हा नाही येणार."

त्या गेल्यावर साळूबाईनं बकुळीला जवळ घेतलं. "बकू, ही जर धड गेली नाही ना, तर मला दूर वीटभट्टीवर कामाला जावं लागेल. तिथं तुला कुठं नेऊ? तू मावशीकडं राहायचं. तिकडं शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे."

"आणि तू?"

 साळूबाईनं सुईत दोरा ओवायला घेतला, पण दोरा काही केल्या सुईत जाईना. शेवटी बकुळीनंच तो ओवून दिला. 

दुसऱ्या दिवशी भाकरीचा पापुद्रा चावताना बकुळीचा पुढचा दात टुणकन हातात आला.

"जा, उंदीरमामाला देऊन ये," साळूबाई म्हणाली. "म्हणजे त्याच्यासारखा बारीक आणि धारदार येईल."

घरातलं बीळ साळूबाईनं दगड घालून बुजवलं होतं, पण उंदरांचं दुसरं दार बाहेर कुंपणाखाली होतं. त्यांच्या कुंपणाला घाणेरी होती. आता हे काय नाव झालं? एका झुबक्यात गुलाबी, पिवळी, केशरी अशी कितीतरी फुलं फुलतात, फुलपाखरं तिथून हलत नाहीत, आणि माणसं तिला म्हणतात घाणेरी! बकुळी तिथं उकिडवी बसली, दात बिळात टाकला आणि म्हणाली,

"उंदीरमामा, दार उघडा,
भाचीबाईंचा दात पडला,
बोथट घ्या अन् बारीक द्या,
उसना नको, कायमचा द्या!"

"आई गं!" कुंपणातून आवाज आला.

बकुळी दचकली. उंदीर 'आई गं' म्हणतात का? तिनं फांदी हळूच बाजूला केली. आत एक बोटाएवढी परी काट्यांत अडकून बसली होती! तिचे पंख पाण्यावरच्या उन्हासारखे झिळमिळत होते. तिच्या झग्याची एक झालर गुलाबी, एक पिवळी आणि एक केशरी होती. झग्याची चंदेरी किनार काट्यांत गुंतून उसवत चालली होती.

"ओढू नका, ओढू नका!" बकुळी म्हणाली. "ओढलं की दोरा आणखी उसवतो." तिच्या फ्रॉकला नेहमी एक सुई टोचलेली असायची. त्या सुईच्या टोकानं तिनं एकेक काटा बाजूला सारला, एकेक धागा सोडवला. बोटाला दोनदा काटा लागला, पण झालरीला धक्का लागला नाही.

परी भुर्रकन उडून फुलांच्या झुबक्यावर जाऊन बसली. उसवलेला चंदेरी दोरा मात्र बकुळीच्या सुईलाच लटकून राहिला.

"राहू दे तुला," परी गोड आवाजात म्हणाली. "मी कुंपणपरी. कुंपणाच्या आतल्यांची आणि बाहेरच्यांची भांडणं मिटवायची, हे माझं काम. सगळीकडची मिटवली, पण तुमच्या कुंपणाचं भांडण काही मिटेना, म्हणून मी इथंच अडकलेय. बकुळी, तू मला सोडवलंस. तीन गोष्टी माग. मात्र एक नियम आहे. ज्याच्याबद्दल मागशील, त्याचं घर आधी डोळ्यांनी बघून ये. न बघता मागितलंस तरी मी देईन, पण ते वाकडं होईल."

बकुळीला एकदम उंदीर आठवले. पण आई नव्या रंगाचा दोरा आधी चिंधीवर घालून बघते ना? तसं आधी काहीतरी लहानसं मागून बघावं, असं तिला वाटलं. शिवाय पाल चुकून अंगावर पडली, की आई केवढी किंचाळते!

"आमच्या घरातली पाल जाऊ दे," ती म्हणाली.

"तिचं घर बघितलंस?"

"रोज बघते! तसबिरीमागं आहे."

 परीनं नुसते पंख फडफडवले. "बरं," ती म्हणाली.

बकुळी पळत घरी गेली. पाल नव्हती! पण दिवेलागण झाली आणि घरात डास गुणगुणायला लागले. फळीवरून झुरळं उतरली. पाखरं दिव्यावर आपटून बाळाच्या गोधडीवर पडायला लागली. आणि लुगड्याच्या घडीत साळूबाईला कसर दिसली, कापडाला भोकं पाडणारी बारीकशी कसर! ती आणि बकुळी पदरानं झटकून झटकून दमल्या. हे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. एवढी सगळी झुरळं आणि पाखरं आजवर जात तरी कुठं होती? बकुळीला आता कळलं. ती पालीच्या पोटात जात होती. तसबिरीमागं तिनं रोज पाहिलं होतं, पण पालीच्या ताटात कधी पाहिलं नव्हतं.

उजाडताच ती कुंपणाकडं धावली. "परीताई, आमची पाल परत द्या!"

"दिली," परी म्हणाली. "पण हे दुसरं मागणं झालं हं. आता एकच राहिलं."

बकुळीनं मान खाली घातली. घरी आली तेव्हा पाल तसबिरीमागून डोकावत होती आणि तिच्या तोंडात झुरळाच्या मिशा हलत होत्या. बकुळीनं आयुष्यात पहिल्यांदा पालीला नमस्कार केला.

पुढं साळूबाई दिवसभर शिवत राहिली. गोधडी काय सुंदर झाली! मधे पांढरं मऊ लुगडं, भोवती डाळिंबी पट्टी आणि कोपऱ्यांना हिरवे त्रिकोण. तिनं मधोमध तांदूळ ठेवले, कड शिवून टाकली, गोधडी दांडीवर टाकली आणि ती बकुळीला घेऊन विहिरीवर पाण्याला गेली.

दोघी परत आल्या, तेव्हा गोधडीच्या मधोमध वाटीएवढं भोक पडलं होतं.

साळूबाई रडली नाही की ओरडली नाही. तिनं फक्त फळीवरची पुडी काढली, ती पिठात कालवली आणि छोटे छोटे लाडू वळून कुंपणाखालच्या बिळाबाहेर ठेवले. मग तिनं बकुळीचे दोन फ्रॉक काढले आणि त्यांची घडी घातली.

"उद्या मावशीकडं," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून बकुळीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती कुंपणाकडं पळाली. "परीताई, एक मागणं उरलंय ना? आमची गोधडी धड करा! मला आईजवळच राहायचंय हो!"

"करीन," परी म्हणाली. तिचेही डोळे चमचमले. "पण ती कुरतडणाऱ्यांचं घर बघितलंस?"

"बीळ बघितलंय."

"बीळ म्हणजे दार गं. दार बघून का कुणाचं घर कळतं? तू मामाला दात दिलास ना? मग तू त्यांची भाची. भाचीला मामाचं दार बंद नसतं." परीनं बकुळीच्या कपाळावर पंख टेकवला. बकुळी लहान झाली, आणखी लहान झाली, अगदी शेंगदाण्याएवढी झाली! घाणेरीची फुलं तिच्या डोक्यावर रंगीत छत्र्यांसारखी झुलायला लागली.

बिळात आधी अंधार होता. वाट वळली, पुन्हा वळली आणि समोर एक गोल खोली आली. फटीतून सोन्यासारखी उन्हाची तिरीप आत येत होती. खोलीत केवढे रंग! डाळिंबी, मोरपंखी, आंबेपिवळे, जांभळे. आईच्या प्रत्येक गोधडीतली थोडी थोडी चिंधी, थोडं थोडं सूत तिथं अंथरलं होतं. त्या मऊ गादीवर गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. जरा मोठी झालेली दोन-तीन आईच्या शेपटीशी खेळत होती. आणि भिंतीवर, बघा तरी, दातांची रांग! माणसांच्या मुलांचे पांढरे, छोटे छोटे दुधाचे दात मातीत नीट बसवले होते. शेवटचा दात बकुळीचा होता. तो अजून ओला होता.

"अगं बाई! भाची आली!" उंदरीण लगबगीनं उठली. "ये गं बाळ, बस. मी तुझी मामी. मामा आत्ताच बाहेर गेलेत. पहिल्यांदा आलीस आणि घरात काहीच नाही बघ!"

बकुळी भांडायला आली होती. पण जी बाई आपल्याला बसायला सगळ्यात मऊ चिंधी देते, तिच्याशी भांडायचं कसं? शेवटी तिनं नेहमीचंच केलं. तिनं प्रश्न विचारला.

"मामी, तुम्ही आमच्या गोधड्या का कुरतडता हो?"

"कुरतडतो?" मामीनं नाकावर पंजा ठेवला. "अगं, उघडतो! वन्सं इतक्या मायेनं शिधा पाठवतात, तो घ्यायला नको?"

"वन्सं?"

"तुझी आई! मामाची बहीण म्हणजे माझी वन्संच की. तुझी पणजी पाठवायची, आजी पाठवायची, आता वन्सं पाठवतात. मूठभर अख्खे तांदूळ, कापडात छान गुंडाळून आणि वरून शिवून, कुणी चोरू नये म्हणून. आम्ही काठाला हात लावत नाही, कोपऱ्याला लावत नाही. जिथं शिधा असतो तिथंच उघडतो. पण एक सांगू का, रागावू नकोस. वन्सं टाके फार घट्ट घालतात गं. सुतानं दात आंबतात अगदी!"

बकुळीचा आ वासला. मधोमध! नेमकं मधोमध! गोधडीचं पोट उपाशी राहू नये म्हणून आई तांदूळ ठेवते आणि ते तांदूळ आपल्यासाठीच आहेत असं मामींना वाटतं. आणि का नाही वाटणार? कापडात तांदूळ शिवून ठेवण्याचं दुसरं कोणतं कारण एखाद्या उंदराला सुचेल? बकुळीला हसू यायला लागलं आणि रडूही यायला लागलं.

तेवढ्यात मामा आले. धापा टाकत, मिशा फुलवत, पुढं एक लाडू ढकलत.

"अगं, ऐकलंस का? ताईनं लाडू पाठवलेत! दिवाळीच्या आधीच फराळ! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या ताईनं लाडू पाठवले!" त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. मोठी पिल्लं टुणटुण उड्या मारत आली. त्यांतल्या धाकट्यानं तर लाडवाचा तुकडा तोंडात घातलासुद्धा.

 हे लाडू कोणते, ते बकुळीला माहीत होतं. आणि तिच्याजवळ एकच मागणं उरलं होतं. त्या एका मागण्यात गोधडी होती, आई होती, रोज आईच्या कुशीत झोपणं होतं. पिल्लू डोळे मिटून मजेत चघळत होतं.

"परीताई!" बकुळी जिवाच्या आकांतानं ओरडली. "सगळ्या लाडवांतलं विष जाऊ दे! गूळ होऊ दे त्याचा!"

बाहेर कुंपणात कुठंतरी इवली घंटी वाजावी तसं किणकिणलं. लाडवाला गुळाचा खमंग वास सुटला. पिल्लानं मिटक्या मारल्या आणि दुसरा तुकडा मागितला.

"काय म्हणालीस गं?" मामांनी विचारलं. त्यांच्या कानात सगळा फराळाचाच आनंद भरला होता.

बकुळीनं डोळे पुसले. "काही नाही मामा. खा तुम्ही. आईनं पाठवलेत." मग तिनं मामीचा पंजा धरला. "पण मामी, आता इथून पुढं शिधा आम्ही कुंपणाखाली ठेवू. गोधडी उघडायचे कष्ट नकोत तुम्हाला. ती थंडीत माणसांना लागते हो."

"बरं होईल बाई! सुटले मी त्या सुतातून," मामी मनापासून म्हणाली. "आणि थांब, भाची मामाच्या घरून रिकाम्या हातानं जाते का कुठं?" तिनं भिंतीवर शोधाशोध केली आणि रांगेतला एक जुना पिवळसर दात काढून बकुळीच्या ओंजळीत ठेवला. "माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचा आहे. वन्संना दे. म्हणावं, जपून ठेवला होता."

बकुळी पुन्हा मोठी होऊन घरी आली, तेव्हा साळूबाई फ्रॉकच्या घडीवर हात ठेवून नुसती बसली होती. बकुळीनं सगळं सांगितलं. परी, पाल, मामी, शिधा, लाडू, सगळं.

"काहीतरीच बोलतेस बकू," साळूबाई म्हणाली. पण तिचं लक्ष गोधडीच्या भोकाकडं गेलं. तिनं आत बोटं घालून पाहिलं. तांदळाचा एकही दाणा उरला नव्हता. पलीकडं कुरतडलेल्या जुन्या गोधड्या पडल्या होत्या, त्याही तिनं चाचपल्या. सगळ्यांचं पोट रिकामं होतं.

मग बकुळीनं तिच्या हातावर तो दात ठेवला.

साळूबाईनं तो उजेडात धरला. दाताच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. लहानपणी, माहेरच्या याच अंगणात जांभळाची बी कचकन चावून तिनं आपल्या दाताचा टवका उडवला होता. तो दात पडला, तेव्हा आईनं तिला याच कुंपणाशी आणलं होतं आणि उंदीरमामाला द्यायला लावला होता.

"माझा दात," ती पुटपुटली. "त्यांनी ठेवला गं. इतकी वर्षं ठेवला."

साळूबाईला सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची आणि डोळे पुसत आत यायची. आता तिनं तोंडावर पदर धरला. "तुला उंदीरमामा म्हणायला मीच शिकवलं. मामा म्हणजे माझा भाऊच की! आणि भावाच्या घरात मी काय पाठवलं, बकू? काय पाठवलं मी?"

"लाडू पाठवलेस," बकुळी तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली. "गुळाचे. मामा इतके खूश झाले आई! नाचलेच."

साळूबाई रडता रडता हसली. मग तिनं डोळे पुसले आणि गोधडी मांडीवर ओढली. उंदरानं पाडलेलं भोक बुजवायला पांढरं ठिगळ होतं. पण गोधडीचं पोट उपाशी कसं ठेवायचं आणि तांदूळ तरी कसे घालायचे? बकुळीनं फ्रॉकची सुई काढली. तिला परीच्या झग्याचा चंदेरी दोरा अजून लटकत होता.

"आई, दोऱ्याचेच तांदूळ घातले तर?"

साळूबाईनं एक टाका घातला, तांदळाएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. चंदेरी दोरा पुरत होता, पुरतच होता, कितीही ओढला तरी संपत नव्हता. ऊन उतरेपर्यंत गोधडीच्या पोटावर मूठभर तांदूळ लखलखायला लागले. ते अख्खे होते, पांढरे होते आणि कधीच संपणारे नव्हते. मुठीतले खरे तांदूळ बकुळीनं घाणेरीखाली पानावर ठेवले.

बारशाला वैजूकाकूंनी गोधडी उलटीपालटी करून पाहिली. नाकावर चष्मा चढवून पुन्हा पाहिली. "भोक नाही?" त्यांनी विचारलं. त्यांना जरा चुकल्यासारखंच वाटलं असावं. पाळण्यात बाळ केव्हाचं रडत होतं. गोधडी पांघरली, बाळाच्या मुठीला ते चंदेरी तांदूळ लागले आणि बाळ रडायचं थांबून ते वेचायला लागलं! सगळ्या बायका पाळण्यावर वाकल्या.

"साळू, मलाही एक शिवून दे गं!"

"माझ्या नातीला दे!"

साळूबाई घरी आली ती लुगड्यांचा भारा डोक्यावर घेऊनच. तिनं घडी केलेले फ्रॉक पुन्हा खुंटीला अडकवले. वीटभट्टीचं नाव कुणी काढलं नाही, मावशीकडं फक्त चार दिवस सुट्टीत जायचं ठरलं.

मग दिवाळी आली आणि भाऊबीज आली. आभाळात चंद्राची बारीक कोर दिसत होती. साळूबाईनं ताट सजवलं, चंद्राला ओवाळलं आणि मग ती कुंपणाशी गेली. बिळाच्या दाराशी तिनं तांदूळ ठेवले, गुळाचा लाडू ठेवला आणि निरांजन ओवाळलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "घरचे सगळे बरे आहेत ना?"

बिळाच्या तोंडाशी दोन मिशा थरथरल्या. काहीतरी टणकन ताटात पडलं आणि मिशा लाजून आत पळाल्या. बकुळीनं निरांजन जवळ धरलं. ताटात पितळेची टोपी होती! साळूबाईची हरवलेली, शिवताना बोटात घालायची टोपी. मातीनं घासून घासून कुणीतरी ती लख्ख केली होती.

"ओवाळणी," साळूबाई म्हणाली. तिनं टोपी आपल्या टोचलेल्या बोटात घातली आणि तो हात छातीशी धरला.

बकुळीनं वर पाहिलं. घाणेरीच्या झुबक्यावर परी उभी होती. तिच्या झालरी गुलाबी, पिवळ्या, केशरी झगमगत होत्या.

"मिटलं भांडण," परी म्हणाली. "आता मला जाता येईल. पण बकुळी, तिन्ही मागणी संपली, स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस?"

बकुळीनं आईकडं पाहिलं. "सगळं तर आहे परीताई," ती म्हणाली.

परी हसली. निरांजनाची ज्योत एकदम उंच झाली, सगळं कुंपण मुळापासून शेंड्यापर्यंत उजेडानं भरून गेलं, फूल न् फूल दिव्यासारखं पेटलं आणि त्या लखलखाटात परी दिसेनाशी झाली. मागं फक्त घाणेरीचा वास राहिला. त्या दिवशी तो कुणालाच घाण वाटला नाही.

घरात शिरताना बकुळीच्या जिभेला पुढच्या हिरडीत काहीतरी टोचलं. तिनं बोट लावून पाहिलं. नवा दात आला होता, बारीक आणि धारदार.

"मामांनी दिला!" ती ओरडली. तसबिरीमागची पाल 'चुकचुक' म्हणाली आणि मायलेकी एका गोधडीत शिरून खुदुखुदु हसत झोपी गेल्या. तांदळाएवढी गोष्ट गोधडीएवढी झाली. आता तिची घडी घालू आणि उशाशी ठेवू.